मालवणच्या सागरी अभयारण्याचं गेट कुठं आहे?

कपाशीवाला (आर्वी तालुका)
दुसरा वेचा झाला की बाबांना समुद्र दाखवायला नेऊन राहिलो. वय ७१, अप्पर वर्धा धरणाहून मोठं पाणी त्यांनी पाहिलं नाही. मालवणला सागरी अभयारण्य आहे म्हणतात. आम्हाला माहीत आमचा बोर व्याघ्र प्रकल्प: गेट, जिप्सी, गाईड, वाघ दिसला तर दिसला. इथं बुकिंग कुठं करायचं? बाबांना पोहता येत नाही. पैसे वाया तर नाही जाणार?

मास्तर_पुलगाव
भाऊ, गेटच नाही! मी रिक्षावाल्याला विचारलं तर तो हसतच सुटला. १९८७ ला जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटर, पण लाटांवर कुंपण कोण घालेल? सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या गाभ्यातच येतो. किल्ल्याच्या होडीत बसले की बाबा अभयारण्यात. फक्त पावसाळ्यात होड्या बंद असतात. कुडाळ स्टेशनला उतरा, पुढं एसटी.

चिवल्यावरची
बाबांना पाण्यात उतरवूच नका. ओहोटीला मालवणातल्याच रॉक गार्डनच्या खडकांवर आणा. पंचांग घरात असेलच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, आमचे आजोबा असंच काढायचे. तृतीयेला सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पुनवेनंतरची दूज-तीज धरा, पाणी खूप आत जातं. अष्टमीला मजा नाही.
डबक्यावर सावली न पाडता गप बसा. पाच मिनिटांत एखादा शंख चालायला लागतो, आत खेकडा राहायला आलेला असतो. पायात मागे पट्टा असलेली सँडल हवी. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, धारेनं पाय कापतो.

मास्तर_पुलगाव
एक राहिलं. आमच्या पोरानं पांढरा, भोकाभोकांचा दगड खिशात टाकला होता. होडीवाल्यानं काढायला लावला. पोवळं होतं ते! वन्यजीव कायद्यात वाघाच्याच परिशिष्टात आहे, मेलेला तुकडाही उचलायचा नाही. तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

कपाशीवाला
बाबा पंचांग घेऊनच बसले. अमावास्येनंतरची तीज काढली, पण त्या हप्त्यात आमच्या शेताच्या फिडरला दिवसाची लाईन (वीज) आहे, हरभरा ओलायचा आहे. आता पुनवेनंतरची पाहतो.