फाइल अडकून राहते, पण शोध घेतला की फक्त ‘सिस्टिम’ हेच नाव दिसते

प्रश्न
आमच्या विंडोज सर्व्हरवरील एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये दररोज रात्री एक शेड्यूल्ड टास्क ठरावीक नावाची सीएसव्ही फाइल नव्याने लिहितो. अलीकडे हे काम अधूनमधून अपयशी ठरते आणि लॉगमध्ये, फाइल दुसऱ्या प्रोसेसच्या वापरात असल्याचा ३२ क्रमांकाचा एरर नोंदलेला असतो. सकाळी त्या फाइलचे नाव बदलायला गेले तरी तोच संदेश येतो. सर्व्हर रीस्टार्ट केला की अडचण सुटते, परंतु दर वेळी तसे करणे शक्य नाही. प्रोसेस एक्स्प्लोरर या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या टूलमध्ये फाइलचे नाव टाकून शोधले असता ‘सिस्टिम’, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) ४, एवढेच उत्तर मिळते. ही प्रोसेस बंद करता येत नाही. मग फाइल नेमकी कोणी धरून ठेवली आहे, हे कसे शोधावे?

पहिले उत्तर
पीआयडी ४ हाच आपल्या प्रश्नातला सर्वांत उपयोगी धागा आहे. नेटवर्कवरून एखाद्याने शेअरमधील फाइल उघडली, की सर्व्हरवर ती फाइल कर्नेलमधील (विंडोजच्या गाभ्यातील) एसएमबी, म्हणजे फाइल शेअर करण्याच्या प्रोटोकॉलचा, ड्रायव्हर उघडतो, आणि म्हणून तिचे हँडल (उघडलेल्या फाइलसाठी प्रोसेसला मिळणारा क्रमांक) ‘सिस्टिम’च्या नावावर दिसते. अशा वेळी खरी प्रोसेस सर्व्हरवर नसतेच. ती दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर चालू असते.

कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’खाली ‘ओपन फाइल्स’ उघडून पाहावे. तिथे फाइल, ती उघडणारा युजर आणि ‘रीड’ की ‘राइट’ हा मोड दिसतो. सर्व्हर २०१२ किंवा त्यानंतरचा असेल, तर पॉवरशेलमधील ‘गेट-एसएमबीओपनफाइल’ ही कमांड त्याबरोबर क्लायंट संगणकाचे नाव किंवा आयपी अ‍ॅड्रेसही देते. ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावी. प्रोसेसचे नाव मात्र सर्व्हरला ठाऊक नसते, त्यासाठी त्या संगणकावरच जावे लागेल.

दुसरे उत्तर
वरील माहिती बरोबर आहे. ‘ओपन फाइल्स’च्या यादीत फाइल सापडली नाही, तर मात्र सर्व्हरवरील प्रोसेसकडे वळावे. त्यासाठी काहीही इन्स्टॉल करण्याची गरज नाही: रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’समोर शोधचौकट असते, तिच्यात फाइलच्या नावाचा काही भाग टाकला तरी पुरतो.

अँटिव्हायरस किंवा बॅकअपने क्षणभरच फाइल धरली असेल, तर सकाळी शोधून हाती काही लागणार नाही. तेव्हा प्रोसेस मॉनिटर, म्हणजे प्रत्येक प्रोसेसच्या फाइलविषयक हालचाली नोंदवणारे टूल, रात्रभर चालू ठेवावा. मेमरी भरू नये म्हणून त्याला फक्त त्या फाइलच्या पाथचा फिल्टर लावून, फिल्टरबाहेरच्या नोंदी टाकून देण्याचा पर्याय निवडावा. येथे अनेकांची गफलत होते ती अशी, की ‘शेअरिंग व्हायोलेशन’ लिहिलेल्या ओळीतील प्रोसेसलाच ते दोषी मानतात. वास्तविक ती अडवली गेलेली प्रोसेस असते. अडवणारी प्रोसेस त्याआधीच्या ओळींत शोधावी: जिने ‘क्रिएटफाइल’ (फाइल उघडण्याची क्रिया) यशस्वीपणे केले, पण ‘क्लोजफाइल’ अजून केलेले नाही, ती. त्या ओळीच्या तपशिलात ‘शेअरमोड’ असतो. त्यात फक्त ‘रीड’ असेल, तर इतरांना फाइल वाचता येईल, पण लिहिता किंवा हटवता येणार नाही.

प्रोसेस एक्स्प्लोररमधील ‘क्लोज हँडल’ वापरण्याचा मोह टाळावा. ज्या प्रोग्रामचे हँडल आपण बंद करतो, त्याला ते कळत नाही. तोच क्रमांक पुढे त्याच्याच दुसऱ्या फाइलला मिळाला, तर पहिल्या फाइलचा मजकूर दुसरीत लिहिला जाऊ शकतो.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. ‘गेट-एसएमबीओपनफाइल’ने फाइलसमोर हिशेब विभागातील एका संगणकाचे नाव दाखवले. तिथे ती सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडी होती आणि संगणक नुसता लॉक करून ठेवलेला होता. एक्सेल बंद करताच फाइलचे नाव बदलता आले. आता टास्कच्या आधी ‘क्लोज-एसएमबीओपनफाइल’ चालवून ही फाइल रोज बंद करून टाकली तर चालेल का?

पहिले उत्तर देणारे
तांत्रिकदृष्ट्या चालेल, परंतु त्या वेळी कोणी फाइलमध्ये बदल करत असेल, तर त्याचे सेव्ह न केलेले काम जाण्याचा धोका राहतो, आणि सकाळी त्याच्या पडद्यावर आदल्या दिवशीचेच आकडे असतील ते वेगळेच. त्यापेक्षा टास्कने फाइलच्या नावात तारीख घालून दररोज नवी फाइल तयार करावी. मग कालची फाइल कोणी आठवडाभर उघडी ठेवली, तरी आजची लिहिण्यात अडथळा येणार नाही. जुन्या फाइली हटवण्यासाठी वेगळा टास्क ठेवावा आणि एखादी उघडी सापडल्यास त्याने ती सोडून पुढे जावे. बंद झाल्यावर ती पुढच्या फेरीत हटेल.