शिखराच्या रात्री एक मित्र मागे फिरला, तर बाकीच्यांनी पुढे जावं का?

उतारवाट:
आम्ही पाच जण आफ्रिकेतल्या किलिमांजारो डोंगरावर गेलो होतो. कॉलेजपासूनची मैत्री. शेवटच्या रात्री बाराच्या सुमारास बराफू कँपवरून (साधारण ४,६७० मीटर) निघालो. ५,३०० मीटरच्या आसपास आमच्यातला एक जण झोकांड्या खायला लागला. मुख्य गाइडने त्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालून दाखवायला सांगितलं. तीन पावलांत तो कलंडला. गाइड म्हणाला, याला आत्ताच्या आत्ता खाली न्यायचं. सहायक गाइडने त्याचा दंड धरला. मित्र म्हणाला, "तुम्ही जा रे, मी ठीक आहे."

आम्ही गेलो. सकाळी उहुरूवर, म्हणजे किलिमांजारोच्या माथ्यावर, ५,८९५ मीटरवर पोचलो. फोटोत आम्ही चौघं.

त्याच संध्याकाळी म्वेका कँपला, ३,१०० मीटरपर्यंत उतरलो, तेव्हा तो तंबूबाहेर बसला होता, पूर्ण बरा. त्याने विचारलं, "मी वरून कधी निघालो रे?" आम्हाला जा म्हटल्याचं त्याला आठवतही नव्हतं. ज्या वाक्याच्या आधारावर आम्ही पुढे गेलो, ते वाक्य त्याच्या लेखी कधी बोललंच गेलं नव्हतं.

तेव्हापासून माझं मत ठाम झालंय. मित्रांबरोबर गेलेल्या गटात कुणाला खाली जावं लागलं, तर निदान एका मित्राने त्याच्याबरोबर उतरलंच पाहिजे, गाइड सोबत असला तरी. तुम्हाला काय वाटतं?

खिंड:
तुमची बोच समजते, पण मत पटत नाही. तुमच्या मित्राला त्या क्षणी उंची कमी करायची गरज होती, आणि ते काम वाट पाठ असलेला, त्या उंचीची सवय असलेला माणूस करत होता. तुम्ही सोबत असता तर काय केलं असतं? अंधारात, थंडीत, स्वतः दमलेले. सहायक गाइडला एकाऐवजी दोघांकडे लक्ष द्यावं लागलं असतं. तुम्ही म्हणताय ती सोबत तुमच्या मनाच्या समाधानासाठी आहे. त्यात वाईट काही नाही, पण तिला सुरक्षिततेचा नियम म्हणू नका.

दोरगाठ:
@खिंड, डोंगरात माणसं कशासाठी जातात हा प्रश्न तुम्ही बाजूला ठेवताय. १९५३ साली के२ वर, जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर, चार्ल्स ह्यूस्टनच्या तुकडीतल्या आर्ट गिल्कीच्या पायात रक्ताची गुठळी झाली. वादळात अडकलेल्या बाकीच्या सातही जणांनी शिखराचा विचार सोडला आणि त्याला गुंडाळून, दोराने उतरवत खाली आणायला सुरुवात केली. त्या उंचीवरून चालता न येणाऱ्या माणसाला खाली आणणं जवळपास अशक्य आहे, हे डॉक्टर असलेल्या ह्यूस्टनला पक्कं ठाऊक होतं. तरी निघाले. वाटेत एकाचा पाय घसरला, दोर एकमेकांत अडकले, गिल्कीसकट सहा जण ओढले गेले आणि पीट शोनिंगने एका खडकामागे रोवलेल्या बर्फकुऱ्हाडीच्या, म्हणजे आइस अ‍ॅक्सच्या जोरावर ते सगळे धरून ठेवले. गिर्यारोहणात आजही त्या प्रसंगाचं नाव आदराने घेतलं जातं. त्या वर्षी शिखर न गाठलेल्या या तुकडीची आठवण लोक अजून काढतात.

खिंड:
तोच प्रसंग पुढपर्यंत सांगा ना. सहा जण मरता मरता वाचले, आणि गिल्की? बाकीचे तंबू लावत असताना त्याला उतारावर आइस अ‍ॅक्सला बांधून ठेवलं होतं, तिथून तो नाहीसा झाला. त्या माणसांबद्दल मलाही अतोनात आदर आहे. पण त्यांच्याकडे दुसरा मार्गच नव्हता, खाली न्यायला आणखी कुणी नव्हतं. किलिमांजारोवर होतं. जिथे पर्याय नाही तिथला धर्म जिथे पर्याय आहे तिथे लावून कसं चालेल?

निळीखोली:
मी डोंगरातली नाही, पाण्यातली आहे. स्कूबा डायव्हिंगमध्ये जोडीदाराने वर जायची खूण केली की दोघंही वर जातात. पाण्याखालच्या गुहांमध्ये हे आणखी कडक असतं: गटातला कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो. हवेचा एक तृतीयांश भाग आत जायला, एक तृतीयांश परतायला आणि उरलेला अडचणीसाठी. तो शेवटचा भाग जोडीदारासाठीही असतो.

या नियमामुळे आमच्यात भांडणं होत नाहीत. मी दोनदा खूण केली आहे, एकदा तर नुसतं मन धजेना म्हणून. वर आल्यावर कुणी एका शब्दाने विचारलं नाही. शिखराच्या वाटेवर असा नियम का नसावा, हे मला खरंच समजत नाही.

खिंड:
कारण पाण्याखाली जोडीदार म्हणजे तुमची राखीव हवा. डोंगरावर तसं नसतं. आणि तुमच्या नियमाची एक बाजू इथे फार घातक ठरेल. माझं डोकं दुखतंय हे बोलल्याने चार मित्रांचं, किंवा एका मित्राचंही, शिखर जाणार असेल तर मी बोलेन का? शेवटपर्यंत दाबून ठेवेन. विरळ हवेचा त्रास लवकर सांगितला तर बहुतेक वेळा थांबून किंवा थोडं उतरून बरा होतो. लपवला तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येऊ शकते. "तू गेलास तरी आमचं काही बिघडत नाही" असं वातावरण असेल तरच माणूस वेळेवर तोंड उघडतो.

दोरगाठ:
लपवणं तर आजही सर्रास चालतं. आणि पर्याय असला की माणूस दुसऱ्याला सोडून पुढेच जातो असंही नाही. २००६ साली एव्हरेस्टवर लिंकन हॉल मेला असं समजून त्याला ८,६०० मीटरच्या आसपास सोडलं होतं. दुसऱ्या सकाळी डॅन मझूर आणि त्याच्या सोबत्यांना तो जिवंत दिसला. ओळख ना पाळख. शिखर काही तासांवर, हवामान उत्तम. ते थांबले, मदत येईपर्यंत त्याच्याजवळ राहिले आणि शिखर न करता परतले. हॉल वाचला. अनोळखी माणसासाठी हे होऊ शकतं, आणि आपण कॉलेजच्या मित्राचा हिशेब मांडत बसलोय.

हिमरेषा:
मी डॉक्टर आहे, उंचीवरच्या कँपमध्ये काम केलंय. दोन गोष्टी सांगते.

पहिली. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तोल जाणं हे मेंदूला सूज येत असल्याचं मोठं लक्षण, आणि त्याच मेंदूतून "मी ठीक आहे" येतं. ती परवानगी धरायचीच नाही. असा माणूस एकटा खाली पाठवायचा नाही, यावर इथे कुणाचंच दुमत नसावं.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची. मित्राचा खरा उपयोग उतरताना नसतो, आदल्या संध्याकाळी असतो. गाइड त्याला पाच-सहा दिवस ओळखतो, तुम्ही पंधरा वर्षं. एरवी बडबड्या माणूस गप्प झाला, चिडचिड करायला लागला, बुटाच्या नाड्या बांधायला वेळ लावायला लागला, तर ते आधी तुम्हाला कळतं. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच जणांचे मित्र म्हणाले, "हो, कालपासून जरा वेगळाच वाटत होता." मग काल का नाही बोललात?

परतीची:
मी खाली गेलेली आहे, म्हणून लिहिते. वेगळा डोंगर, पण उंची साधारण हीच. माझी मैत्रीण मी नको नको म्हणत असताना माझ्याबरोबर उतरली. तिने दोन वर्षं त्या शिखरासाठी तयारी केली होती. नंतर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता ती तितक्या उंचीवर जाऊ शकणार नाही. ती कधी चकार शब्द बोलली नाही. पण माझ्या आजारपणापेक्षा तिचं न झालेलं शिखर मला जास्त जड जातं. @उतारवाट, तुमचा मित्र चौघांचा फोटो बघून खूश झाला असेल, हे तुम्ही शक्य धरतच नाही आहात का? त्याला विचारलंत?

उतारवाट:
विचारलं. तुमचा प्रतिसाद वाचून काल त्याला फोन केला. तो म्हणाला, फोटोचं त्याला काहीच वाटलं नाही. वाटलं ते उतरतानाचं. त्याला मध्येमध्ये शुद्ध यायची, तेव्हा दंड धरलेला माणूस कोण आहे हे कळायचं नाही, आणि आम्ही कुठे आहोत हेही. आम्ही मेलो, एवढंच त्याला वाटत होतं. तासभर तरी.

@खिंड, याला मनाचं समाधान म्हणायचं असेल तर म्हणा, पण ते माझं नव्हे, त्याचं होतं. तुमचा लपवाछपवीचा मुद्दा मात्र मला मान्य करावाच लागतोय.

@हिमरेषा, तुमचा प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही. आदल्या संध्याकाळी तो जेवला नव्हता. दरवेळी सगळ्यांना हसवणारा माणूस हेडटॉर्चची बॅटरी बदलता येत नाही म्हणून माझ्यावर खेकसला. मला दिसलं होतं. मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर गाइडने त्याला कदाचित कँपवरच थांबवलं असतं आणि आमची पाच जणांची गोष्ट तिथेच मोडली असती. पाचांनी मिळून वर उभं राहायचं, हा हट्ट माझाच होता.

पुढच्या वर्षी पाचही जण पुन्हा निघतोय. या वेळी निघायच्या आधी, घरीच, चिठ्ठी काढणार आहोत: कुणाला उतरावं लागलं तर सोबत कोण जाणार. वर गेल्यावर त्यावर चर्चा नाही.

खिंड:
मित्राच्या त्या तासाबद्दल वाचून वाईट वाटलं. तो भाग माझ्या विचारात नव्हता. पण चिठ्ठीला माझा विरोध आहे. ज्याचं नाव निघेल तो पहिल्या दिवसापासून दुसऱ्यांच्या डोकेदुखीची धास्ती घेऊन चालेल. आणि त्याचंच डोकं दुखायला लागलं तर?

उतारवाट:
म्हणून दोन नावं काढणार आहोत. चिठ्ठीची कल्पना त्याच मित्राची आहे, आणि स्वतःचं नाव त्यात असलंच पाहिजे यावर तो अडून बसलाय.