नॉनशलंट म्हणजे बेपर्वा नव्हे

'नॉनशलंट' (nonchalant) या इंग्रजी शब्दाला मराठीत 'बेपर्वा' हा प्रतिशब्द कुणीतरी सुचवलाय, ते जरा खटकलं. बेपर्वाईत दोष आहे. बेपर्वा माणूस भरधाव गाडी हाकून दुसऱ्याला उडवतो. नॉनशलंटमध्ये बहुधा दोष नसतो, उलट थोडं कौतुकच असतं. शिवाय आतून काळजी नसेलच असंही नाही, ती चेहऱ्यावर दिसत नाही एवढंच. हेल्मेट न घालता, च्युइंगम चघळत मैदानात येणारा वेस्ट इंडीजचा फलंदाज व्हिव रिचर्ड्स आठवा. त्याला काय धावांची फिकीर नव्हती?

शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, पण मुळाशी लॅटिन 'कालेरे' म्हणजे गरम असणे. थोडक्यात, न तापलेला. आपण 'थंडपणे म्हणाला' म्हणतो ते अगदी जवळचं, फक्त आपल्या 'थंड'ला कधी कधी मठ्ठपणाचा वास येतो. 'उदासीन' तर नकोच, तो 'इंडिफरंट'च्या वाट्याला गेलाय.

मी वाक्य बघून 'सहज', 'काही घडलंच नाही अशा थाटात' किंवा 'बेफिकीर' वापरतो. एकच शब्द सगळीकडे बसवायचा हट्ट कशाला?

जाता जाता: 'नॉन' काढून उरलेला 'शलंट' इंग्रजीत एरवी रूढ नाही, पण हल्लीची पोरं गमतीने तोही वापरतात, फार मनावर घेणाऱ्यासाठी!