मातीकामाची वापरलेली विजेची भट्टी सुऱ्यांना पाणी देण्यासाठी (म्हणजे पाते तापवून, तेलात बुडवून कठीण करण्यासाठी) घ्यावी का?

पोलादवेडा (मूळ मत)
हाताने सुऱ्या घडवणाऱ्यांनी अशी भट्टी जरूर घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. १०८४ या प्रतीसारखे साधे कार्बन पोलाद तेलात बुडवण्यापूर्वी सुमारे ८१५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून काही मिनिटे तिथेच स्थिर ठेवावे लागते. भात्याच्या भट्टीत आपण चुंबक लावून पाहतो. पण पोलादाला चुंबक धरेनासे होते ते सुमारे ७७० अंशांना, आणि त्यापुढचा टप्पा लाल रंगाच्या छटेवरूनच ठरवावा लागतो. भर उन्हात ती छटा फिकट दिसते, पाते गरजेपेक्षा जास्त तापते, पोलादाचे कण मोठे होतात आणि धार ठिसूळ बनते. १२०० अंशांच्या पुढे जाणाऱ्या भट्टीला ८१५ अंश मुळीच जड नाहीत.

सांडशी
मी असहमत आहे. ती भट्टी तेवढी तापते, याबद्दल वाद नाही. प्रश्न नियंत्रणाचा आहे. जुन्या भट्ट्यांपैकी अनेकींमध्ये फक्त घुंडीचा स्विच असतो, तर काहींमध्ये ठरावीक उष्णतेला मऊ होणारा मातीचा छोटा शंकू वितळला की वीज तोडणारी यांत्रिक कळ असते, आणि ती कळ भट्टी बंद करते, तापमान धरून ठेवत नाही. शिवाय बहुतेक भट्ट्यांचे झाकण वर उघडते, म्हणजे तापलेले पाते काढताना हात थेट धगीवर येतो आणि लोखंडी सांडशी वीज चालू असलेल्या उघड्या कॉइलला (भट्टी तापवणाऱ्या तारेला) लागू शकते. मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. तेलातून काढलेले पाते लगेच सुमारे २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा शेकावे लागते, नाहीतर ते तडकू शकते. मात्र जाड विटांची ती भट्टी तेवढी निवायला कित्येक तास घेते.

पोलादवेडा
शेकण्यासाठी स्वयंपाकघरातला ओव्हन पुरतो. त्यात वेगळा तापमापक मात्र ठेवावा. नियंत्रणासाठी के-प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) आणि त्यानुसार वीज कमी-जास्त करून तापमान स्थिर ठेवणारा पीआयडी कंट्रोलर बसवता येतो. झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच आणि उत्तम अर्थिंग यांना पर्याय नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. जाड विटांना तुम्ही दोष मानता, पण झाकण क्षणभर उघडल्यावर तापमान पटकन सावरते ते त्याच विटांमुळे, आणि लांब पाती उभी टांगता येतात हा वरून उघडणाऱ्या भट्टीचा फायदाच आहे.

सांडशी
कंट्रोलरच्या सांगण्यावरून वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो, त्यामुळे कंट्रोलरवर विसंबून चालणार नाही; मुख्य वीज तोडणारा वेगळा कॉन्टॅक्टर (मोठा विद्युतचुंबकीय स्विच) हवाच. आतली हवा प्राणवायूयुक्त असल्याने पात्याच्या पृष्ठभागातला कार्बन जळतो, तो थर नंतर घासून काढता यावा म्हणून धारेची कड सुमारे एक मिलिमीटर जाड ठेवावी लागेल. हा सगळा खर्च आणि खटाटोप धरला, तर पात्याच्या मापाची, समोरून उघडणारी छोटी भट्टी स्वतः बांधणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

चाकावरची माती
मी कुंभारकाम करते. धडधाकट भट्टी सुऱ्यांसाठी अडकवून ठेवू नका, कारण नव्याने शिकणाऱ्यांना ती परवडेल अशा किमतीत मिळणे आधीच कठीण आहे. मात्र कॉइल जुन्या होऊन जी भट्टी १२०० अंश गाठत नाही, ती आमच्या दगडी भांड्यांसाठी (स्टोनवेअर, म्हणजे खूप तापवून दगडासारख्या कठीण केलेल्या मातीच्या भांड्यांसाठी) निरुपयोगी ठरते. ८१५ अंश तिला अजून सहज जमतात. पोलादवेडा यांनी अशीच भट्टी शोधावी, आणि विटांना तडे गेले आहेत का, कॉइल खोबणीतून बाहेर आल्या आहेत का, हे उजेडात पाहूनच पैसे द्यावेत.