तुर्भ्याच्या वस्तीत दातांचे उपचार पोहोचणार कसे?

प्रश्न (तुर्भे, नवी मुंबई)
तुर्भे स्टोअरच्या वस्तीत मी शनिवारी अभ्यासिका चालवते. तिसरीतला एक मुलगा चपाती डाव्याच बाजूने चावतो हे लक्षात आल्यावर त्याला आ करायला लावले, तर उजवीकडची खालची शेवटची दाढ निम्मी पोखरलेली होती आणि तिच्यात लवंगेचा तुकडा कोंबलेला होता. आईचे उत्तर, "दुधाची आहे, पडेल." मागे वस्तीत शिबिर झाले, ब्रश-पेस्ट वाटली, फोटोही निघाले, पण किडलेल्या दातांचे पुढे काय करायचे, हे कोणी सांगितले नाही. नेरुळला दंत महाविद्यालय आहे, रेल्वेने दुसरेच स्टेशन, तरीही कोणी जात नाही. सरकारी व्यवस्थेत यासाठी काही सोय आहे का?

उत्तर (दंतचिकित्सक, ठाणे)
ताई, ती दाढ बहुधा दुधाची नसावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, कायमची पहिली दाढ येते, आणि म्हणूनच घरच्यांना ती दुधाची वाटते. त्याला याच आठवड्यात दाखवा.
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत आणि अंगणवाड्यांत जी तपासणी करतात, तिच्यात दंतक्षयही येतो. शाळेत चौकशी करून पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी मागा. शिवाय प्रत्येक किडीला खुर्ची आणि ड्रिल लागतेच असे नाही. कीड खोल गेलेली नसेल तर हाताच्या उपकरणाने मऊ भाग खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरता येते, किंवा सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावून कीड थोपवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. या फ्लोराइडने किडलेली जागा मात्र काळी पडते. हे पालकांना आधी सांगितले नाही, तर भांडण ठरलेले.

उत्तर (निवृत्त आरोग्यसेविका, दिघा)
मुलांबरोबर आयांचीही तोंडे तपासून घ्या. तिशीपुढच्यांसाठी असंसर्गजन्य आजारांची जी तपासणी होते, तिच्यात मुखकर्करोगाचाही समावेश आहे, परंतु "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला बायका सरळ "नाही" म्हणतात, आणि फॉर्मवर तसेच लिहिले जाते. मी "दात कशाने घासता?" असे विचारायची. मग मोरीच्या फळीवरची मशेरीची डबी पुढे यायची. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, तिखट न सोसणे, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये.

उत्तर (कामगार, रबाळे एमआयडीसी)
स्टेशन दुसरे असले तरी ओपीडी दिवसाचीच असते. रूट कॅनालसाठी तीनदा बोलावले तर तीन खाडे पडतात, दाढ काढली तर एक. म्हणून आम्ही काढूनच टाकतो. नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक संध्याकाळ दाताचा डॉक्टर बसवावा, अशी मागणी नगरसेवकाकडे लेखी करा. माझ्या मते ब्रशवाटपापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

प्रश्नकर्ती
आभार. सोमवारी शाळेत जाते. त्याच्या आईची धुण्याभांड्यांची चार घरे आहेत, तेव्हा मीच त्याला नेले तर चालेल का?

उत्तर (दंतचिकित्सक, ठाणे)
पहिल्या तपासणीला चालेल, पण उपचारासाठी पालकांची लेखी संमती लागते. आईला निदान एक फेरी जमेल असा वार आधी विचारून घ्या, आणि मुलाला उपाशी नेऊ नका.