विषय: लेकाचा रिपोर्ट इथं चालत नाहीये (तातडीचं)

प्रेषक: मीनल (घणसोली, पूर्वी कॅनडात तुमच्याच मंडळातली)

मंडळी, लेक जूनमध्ये नववीत बसला, एसएससी बोर्ड. कॅनडाहून आणलेला त्याच्या अध्ययन अक्षमतेचा (लर्निंग डिसॅबिलिटी) बत्तीस पानी रिपोर्ट (सोबत जोडलाय) शाळेतल्या बाई उघडूनसुद्धा बघेनात. "सरकारी केंद्राचं सर्टिफिकेट आणा." केंद्रात गेलो तर म्हणे सगळ्या टेस्ट नव्यानं. पण विस्क-फाइव्ह, म्हणजे बुद्ध्यांकाची टेस्ट, मार्चमध्येच झालीय! इतक्यात पुन्हा केली तर चालते का? दीपाताई, आहात का?

प्रेषक: सुहासकाका

बत्तीस पानं? आमचं प्रगतिपुस्तक एका पानाचं होतं, त्यावरही वडील सही करायला तयार नसत. पोरगं हुशार आहे गं. पिकनिकला मेंढीकोटात मला तीनदा हरवलं त्यानं. ठाण्यात एखादी चांगली शिकवणी लाव.

प्रेषक: दीपा

काका, डोकं चालतं आणि वाचताना मात्र गाडी अडते, यालाच तर अध्ययन अक्षमता म्हणतात. शिकवणीवर टाकण्याआधी जरा थांबा.

मीनल, रिपोर्ट जपून ठेव, पण त्याला सर्टिफिकेट समजू नकोस. त्यातले पर्सेंटाइल तिकडच्या मुलांशी तुलना करून काढलेत. बोर्डाला अधिकृत केंद्राचाच शिक्का लागतो. मुंबईत सायन आणि नायर हॉस्पिटलमध्ये हे काम वर्षानुवर्षं चालतं. आधी डोळे-कान तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणित, बहुधा बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या बॅटरीवर, म्हणजे चाचण्यांच्या संचावर. विस्क इतक्या लवकर पुन्हा केली तर गुण फुगतात, ठोकळ्यांच्या भागात तर हमखास. काही ठिकाणी अजून मालिनची बुद्ध्यांक चाचणी लावतात, पण तीही विस्कवरूनच बेतलेली, तेव्हा 'ही वेगळी टेस्ट' म्हणून निर्धास्त राहू नकोस. मार्चची तारीख पहिल्याच दिवशी सांग. मग काय लावायचं ते त्यांचं ते बघतील.

प्रेषक: प्रशांत (पाचपाखाडी)

तारीख सांगाच. भाचीच्या वेळी आम्ही घाईनं आधी खासगीत केली आणि केंद्रात गप्प बसलो. टेबलावर डबी उघडली तशी भाची मोठ्यानं म्हणाली, "हे लाल-पांढरे ठोकळे मी गेल्या महिन्यात केलेत!" मॅडमनी पेन खाली ठेवलं. वहिनी छताकडे बघत बसली. फुकटचा हेलपाटा. पण सर्टिफिकेट मिळाल्यावर परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळाली, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण तास. अर्ज शाळेमार्फतच जातो, उगाच वाशीच्या बोर्डात खेटे घालू नका.

प्रेषक: वर्षा

वाशीवरून आठवलं. मीनल, सायनला जायचं झालं तर वाशीहून हार्बरनं कुर्ला, तिथून पुढचंच स्टेशन.

प्रेषक: प्रशांत (पाचपाखाडी)

वर्षाताई, ती घणसोलीला राहते! ट्रान्स-हार्बरनं ठाणे, मग स्लो लोकल. कुर्ल्याच्या जिन्यावर सकाळी चढून दाखवा एकदा.

प्रेषक: वर्षा

मी नऊ वर्षं चढलेय.

प्रेषक: दीपा

एक राहिलं. लेक चौदाचा ना? केंद्र सरकारच्या 2018 च्या सूचनांत पहिलं सर्टिफिकेट आठव्या वर्षानंतर, मग चौदाला आणि अठराला पुन्हा तपासणी असं होतं. त्यामुळे ज्यांच्याकडे तिसरी-चौथीतलं आहे त्यांनीही कपाट उघडून बघा. आणि प्रशांत, पुढच्या वेळी घाई करण्याआधी मला विचारा. शिक्षण उपसमिती कागदावर तरी आहे अजून.

प्रेषक: सचिव

दोन गोष्टी. ही मेल-यादी गणपतीच्या सामानासाठी उघडली होती. झांजांची पेटी कोणाकडे आहे ते अजून कोणी बोललेलं नाही. आणि मीनल, तुझ्या पहिल्या मेलला ती पीडीएफ लटकतेय. पोराचं नाव, जन्मतारीख, सगळं. 214 जणांना गेलीय. माझ्या बाजूनं जुन्या मेलमधून काढून टाकली, बाकीच्यांनी कृपया आपापली डिलीट करा.

प्रेषक: मीनल

अगं बाई गं! डिलीट करा हो सगळ्यांनी, त्याला कळलं तर माझ्याशी बोलायचा नाही.

तारीख सांगितली. केंद्रानं सप्टेंबरअखेर बोलावलंय, बत्तीस पानं घेऊन. दीपाताई, अजून एक. काल किराण्याच्या यादीतला 'रवा' त्यानं 'खा' वाचला आणि 'खाली' ला 'रवाली'. हे त्यातलंच, की सहा वर्षं मराठी अक्षर न बघितल्याचं? इंग्रजीतही अडतो, पण अशा तऱ्हेनं नाही. केंद्रात सांगायचं ना हेही?

झांजांची पेटी आमच्या जुन्या घराच्या बेसमेंटमध्ये राहिली. नव्या मालकांना फोन करते.