अमेरिकेत मृत्युदंडाचा पाठिंबा घटला, म्हणजे नेमकं काय घटलं?

साक्षेपी (धागाकर्ता)
गॅलप या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत खुन्याला मृत्युदंड द्यावा म्हणणारे १९९४ मध्ये ८० टक्के होते, २०२४ मध्ये ५३. माझ्या मते खरी घट याहून मोठी आहे, कारण या प्रश्नात दुसरा पर्यायच नसतो. २०१९ मध्ये याच प्रश्नाला ५६ टक्के होकार आला. त्याच वर्षी 'मृत्युदंड की पॅरोलविना जन्मठेप (म्हणजे मरेपर्यंत तुरुंगात)?' असं विचारल्यावर मृत्युदंड निवडणारे ३६ उरले, जन्मठेपवाले ६०.

दंडपाणी
मतपेटी वेगळं सांगते. नेब्रास्काच्या विधिमंडळाने २०१५ मध्ये मृत्युदंड रद्द केला, पुढच्याच वर्षी सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो परत आणला. त्याच दिवशी कॅलिफोर्नियासारख्या उदारमतवादी राज्यानेही रद्द करण्याचा प्रस्ताव फेटाळला. आणि ५३ टक्के हेही बहुमतच आहे!

साक्षेपी
शिक्षा मतपेटीतून होत नाही, ज्युरीकडून, म्हणजे खटल्यासाठी निवडलेल्या बारा सामान्य नागरिकांकडून होते. मृत्युदंड असलेल्या बहुतेक राज्यांत बाराही जणांचं एकमत लागतं. एकजण अडला की सहसा जन्मठेप. नव्वदच्या दशकाच्या मध्यात वर्षाला तीनशेवर मृत्युदंड सुनावले जात, आता तिशीच्या आत.

पुराव्यानिशी
इथे एक मेख आहे. ज्युरी निवडताना 'गरज पडल्यास मृत्युदंड देऊ शकाल का?' असं विचारतात. केवळ तत्त्वतः विरोध आहे म्हणून कुणाला वगळता येत नाही (विदरस्पून खटला, १९६८), पण त्या विरोधापायी कर्तव्यात लक्षणीय बाधा येणार असेल तर वगळतात (विट खटला, १९८५). म्हणजे कट्टर विरोधक गाळूनही मृत्युदंडांचा आकडा इतका पडला आहे. मला हे पाहणीपेक्षा वजनदार वाटतं.

दंडपाणी
त्याला मतपरिवर्तन कशाला म्हणायचं? टेक्सासमध्ये पॅरोलविना जन्मठेप २००५ मध्ये आली, तेव्हा 'हा सुटून येईल' ही ज्युरीची धास्ती गेली. खटल्यात दोषसिद्धी आणि शिक्षा असे दोन टप्पे, प्रत्येकाला तज्ज्ञ, वर अपिलं. खर्च पाहून सरकारी वकीलच मागणी करत नाहीत. शिवाय खून घटले. १९६६ मध्ये पाठिंबा ४२ टक्के होता, गुन्हे वाढले तसा ८० वर गेला. पुन्हा जाईल.

साक्षेपी
जन्मठेपेचा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूने जातो: खात्रीचा पर्याय दिसला की लोक मृत्युदंड सोडतात. 'पुन्हा जाईल' हे मात्र पटत नाही. २०२० मध्ये खून एका वर्षात तीस टक्क्यांच्या आसपास वाढले. पाठिंबा त्या वर्षी ५५, २०२१ मध्ये ५४. हललाच नाही. १९७३ पासून मृत्युदंड सुनावलेले सुमारे दोनशे जण पुढे निर्दोष सुटले, हे आता लोकांना ठाऊक आहे.

दंडपाणी
२०२० बद्दल माझं उत्तर अपुरं आहे, कबूल. पण विधिमंडळं उलट दिशेने चालली आहेत. फ्लोरिडाने २०२३ मध्ये बारापैकी आठ ज्युरर पुरेसे ठरवले.

पुराव्यानिशी
ते का ठरवलं तेही लिहा. आदल्या वर्षी तिथे शाळेत १७ जणांना मारणाऱ्याच्या खटल्यात तीन ज्युरर जन्मठेपेवर ठाम राहिले. बारा जण जमत नाहीत, म्हणून अट आठवर आणली.